पासंग

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर हार्मोन कसं काम करतं, याविषयी गेल्या साठ-सत्तर वर्षांत इतकं लिहिलं गेलंय की नुसती शीर्षकं वाचायची म्हटली तरी आयुष्य पुरायचं नाही. त्या ढिगातून एकच निबंध काढून तो ओळीओळीने, चवीने वाचायचा असेल, तर मी १९८६ सालचा एक पाचपानी निबंध काढेन. योलांद बर्थ्वा, जॉन कात्झेनेलेनबोगेन आणि बेनिटा कात्झेनेलेनबोगेन या तिघांचा तो निबंध अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये छापून आला. काम झालं अर्बानाच्या इलिनॉय विद्यापीठात. त्यात नवं औषध नाही, नवं जनुक नाही, नवं यंत्रही नाही. पेशी ज्या पातळ खाद्यावर वाढवतात त्यात रंगासाठी घातलेला पदार्थ स्वतःच क्षीण इस्ट्रोजेनसारखा वागतो, एवढंच त्यात सांगितलंय. पण ते सांगण्याचा क्रम आणि संयम असा आहे की पुन्हा वाचताना दर वेळी एखादी नवी जागा सापडते. शिवाय त्यातलं एक अनुमान दोनच वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने बदललं. मला तोही या निबंधाच्या आस्वादाचाच भाग वाटतो, आणि त्याकडे येणारच आहे.

आधी निबंधातली मुख्य पात्रं. एमसीएफ-७ असं रुक्ष नाव असलेल्या या पेशी एका माणसाच्या आहेत. १९७० साली डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये हर्बर्ट सूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ६९ वर्षांच्या ख्रिस्ती जोगिणीच्या फुप्फुसाच्या आवरणात साठलेल्या पाण्यातून त्या वेगळ्या केल्या. कर्करोग स्तनातून तिथवर पसरला होता. नावातली पहिली तीन अक्षरं संस्थेची, आणि सातचा आकडा सातव्या प्रयत्नाचा. १९७३ साली या पेशींची माहिती प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढताहेत. त्या बाई गेल्या त्याच १९७० साली. मठात राहणाऱ्या बायकांना स्तनाचा कर्करोग अधिक होतो, हे इटलीतल्या पाडुआच्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं. गर्भारपण नाही, अंगावर पाजणं नाही, त्यामुळे पाळीची चक्रं वर्षानुवर्षं अखंड चालू आणि स्तनाच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा मारा सतत, असं आज आपण त्याचं स्पष्टीकरण देतो. हार्मोनचं रहस्य उलगडायला नेमक्या एका जोगिणीच्याच पेशी उपयोगी पडाव्यात, हे वाचून मन थोडं थांबतंच.

या पेशींचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांच्यात इस्ट्रोजेनचा रिसेप्टर भरपूर आहे. अंडाशयाचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा काहीतरी संबंध आहे, हे ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांना १८९६ सालीच दिसलं होतं. त्यांनी अंडाशय काढून टाकले आणि गाठी आकसल्या. पण का आकसल्या, हे सांगायला त्या काळी हार्मोन हा शब्दसुद्धा नव्हता. उत्तराची पहिली पक्की वीट रचली शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी, १९५०च्या दशकाच्या अखेरीला. इस्ट्राडायोल या इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावून त्यांनी ते उंदराच्या जातीच्या प्राण्यांच्या अंगात सोडलं, आणि गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांतच ते धरून ठेवलं जातं हे दाखवलं. त्यांच्या आधी बहुतेकांची समजूत अशी होती की हार्मोनचं पेशीत रासायनिक रूपांतर होतं आणि त्यातून काम घडतं. जेन्सन यांना आत गेलेलं इस्ट्राडायोल जसंच्या तसं सापडलं. म्हणजे ते कशाला तरी जाऊन चिकटत होतं, आणि त्या चिकटण्यातच त्याचं काम होतं.

ते चिकटणं जरा जवळून पाहू. इस्ट्राडायोलचा रेणू छोटा आणि तेलकट स्वभावाचा असतो, पेशीच्या पडद्यातून तो सहज आत जातो. केंद्रकात रिसेप्टर नावाचं मोठं प्रथिन असतं आणि त्याच्या पोटात एक खळगा असतो. इस्ट्राडायोलच्या एका टोकाला बेंझीनचं कडं आणि त्यावर एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे फिनॉल. खळग्याच्या एका कोपऱ्यातली ग्लुटामेट आणि आर्जिनीन ही अमिनो आम्लं त्या हायड्रॉक्सिलला धरतात. रेणू नीट बसला की रिसेप्टरच्या शेवटाकडचा बारावा मळसूत्री तुकडा वळून खळग्याच्या तोंडावर येतो. तो तिथे स्थिरावला की रिसेप्टरच्या पाठीवर एक नवी जागा तयार होते आणि मदतनीस प्रथिनं तिथे येऊन बसतात. असे दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवरच्या ठरावीक अक्षरक्रमाला बिलगतात, शेजारच्या जनुकाची नक्कल आरएनएत उतरू लागते, ती नक्कल केंद्रकाबाहेर रायबोसोमपर्यंत जाते आणि प्रथिन तयार होतं. हा बारावा तुकडा डोळ्यांना दिसला तो १९९७-९८ मध्ये, स्फटिकांची क्ष-किरण चित्रं निघाल्यावर. १९८६ साली या तुकड्याविषयी काहीच ठाऊक नव्हतं. रिसेप्टरचा जनुकक्रम मात्र त्याच वर्षी पूर्ण वाचला गेला, आणि तोही याच एमसीएफ-७ पेशींतून.

इस्ट्रोजेनच्या हुकमाने पेशी जी प्रथिनं बनवतात त्यांची यादी लांबलचक आहे. फ्रान्समध्ये मॉंपेलियेच्या आंरी रोशफोर यांच्या गटाला १९८० साली या पेशी एक प्रथिन बाहेर टाकताना आढळल्या. ते कॅथेप्सिन-डी नावाचं पाचक विकर आहे, हे पुढे कळलं. स्ट्रासबूरच्या पियेर शांबों यांच्या गटाने पीएस-२ हे जनुक १९८२ साली शोधलं. पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर नेणारं सायक्लिन-डी१ याच यादीतलं. पण आपल्या निबंधाने निवडलेलं प्रथिन वेगळं आहे. ते प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर. एका हार्मोनने दुसऱ्या हार्मोनचा रिसेप्टर घडवायचा, ही सजीवांच्या शरीरातली मला सर्वांत सुंदर वाटणारी व्यवस्था. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन येतं आणि पुढच्या पंधरवड्यात येणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसाठी पेशींमध्ये जागा करून ठेवतं.

हीच व्यवस्था कर्करोगात मोजमापाच्या कामी आणण्याची कल्पना टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या कॅथरिन हॉर्विट्झ आणि विल्यम मॅग्वायर यांनी १९७५ साली मांडली. गाठीत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आहे, एवढ्याने तो काम करतो असं ठरत नाही. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टरही सापडला तर मात्र समजायचं, की हुकूम वरून खालपर्यंत पोचतोय. आज पुण्यात, नागपुरात किंवा कोल्हापुरात स्तनाच्या गाठीची तपासणी झालेल्या बाईच्या हातात जो अहवाल पडतो, त्यात ईआर आणि पीआर अशा दोन ओळी शेजारी-शेजारी असतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आणि पीआर म्हणजे त्याने घडवलेलं हे प्रथिन. घरातलं कुणी अशा अहवालाकडे बघत बसलं असेल तर सांगावंसं वाटतं, की दुसऱ्या ओळीला फार मोलाचा अर्थ आहे. ती पहिल्या ओळीची साक्ष देते.

रसशास्त्रात स्थायी भाव डोळ्यांना दिसत नाही, अनुभावांवरून तो ओळखायचा असतो. पेशीत हार्मोनचं काम चालू आहे की नाही, हेही असंच दोन अनुभावांवरून ओळखलं जातं: प्रोजेस्टेरॉन-रिसेप्टर किती बनला आणि पेशींची संख्या किती वाढली. अर्बानाच्या या तिघांनी दोन्ही एकत्र मोजले. एकटी वाढ मोजली असती तर शंकेला वाव राहिला असता, कारण पेशी वाढायला शंभर कारणं असतात. एकटं प्रथिन मोजलं असतं, तर रोगाच्या दृष्टीने त्याला काय महत्त्व, असं कुणीही विचारलं असतं. दोन साक्षी एकमेकींना आधार देतात, आणि निबंधाचा सगळा डोलारा त्या दोन साक्षींवर उभा आहे.

आता कोडं. १९७५ साली मार्क लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमसीएफ-७ पेशी इस्ट्रोजेनने वाढतात आणि विरोधी औषधाने थबकतात, असं दाखवलं. त्यामुळे मोठा उत्साह निर्माण झाला. पण पुढच्या काही वर्षांत अनेक प्रयोगशाळांना तो निकाल नीट मिळेना. पेशींना वासराचं सीरम लागतं, आणि त्यात प्राण्याचे स्वतःचे हार्मोन असतात. म्हणून सीरम डेक्स्ट्रान लावलेल्या कोळशाच्या भुकटीतून घोळवून घेत. स्टेरॉइडं कोळशाला चिकटून निघून जात. इतकं करूनही पेशी आपल्या वाढतच राहत. वर इस्ट्राडायोल घातलं तर वाढीत म्हणावा तसा फरक पडत नसे. उलट टॅमॉक्सिफेन हे विरोधी औषध घातलं, की वाढ काहीच न घातलेल्या साध्या बशीतल्या वाढीपेक्षाही खाली उतरे.

हे दुसरं निरीक्षण जास्त चक्रावणारं होतं. टॅमॉक्सिफेनचं काम इस्ट्रोजेनची जागा अडवणं. जिथे इस्ट्रोजेनच नाही तिथे ते काय अडवतंय? यातून असा विचार जोर धरू लागला, की टॅमॉक्सिफेनला इस्ट्रोजेनशी संबंध नसलेला स्वतःचा वेगळा मार्ग असावा. ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्ट सदरलँड यांच्या गटाला १९८० साली टॅमॉक्सिफेनला घट्ट धरणारी, रिसेप्टरहून वेगळी अशी एक जागा पेशीत सापडलीही होती. विचार चुकीच्या दिशेचा होता असं नाही. फक्त सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: कोळशातून काढलेलं सीरम घातलेली बशी म्हणजे इस्ट्रोजेन नसलेली बशी.

पेशीसंवर्धनाच्या खोलीत गेलात तर फ्रिजमध्ये तांबड्या द्रवाच्या, म्हणजे पेशींच्या खाद्य-माध्यमाच्या, बाटल्यांची रांग दिसते. त्या रंगाचं नाव फिनॉल रेड. माध्यमाची आम्लता योग्य असली की ते डाळिंबी दिसतं. पेशी दाटल्या, त्यांनी सोडलेलं आम्ल साठलं की नारिंगी होतं, मग पिवळं. बाटली उघडी राहून कार्बन डायऑक्साइड उडाला की जांभळट गुलाबी. रोज सकाळी उबवणयंत्राचं दार उघडून नुसत्या रंगावरून पेशींची खुशाली कळते. त्यामुळे हा रंग माध्यमात इतका मुरलेला होता की तो ‘घातलेला’ आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नसे. त्याची निरुपद्रवी म्हणून ख्यातीही जुनी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूत्रपिंडं किती काम करतात हे पाहायला डॉक्टर हाच रंग रुग्णांच्या अंगात टोचत आणि लघवीत किती उतरला ते मोजत.

निबंधाची पहिली चाल इथे आहे, आणि ती रसायनज्ञाची आहे. फिनॉल रेडची रचना कागदावर काढा: मध्ये एक कार्बन, त्याला तीन कडी, त्यांतल्या दोहोंच्या टोकाला हायड्रॉक्सिल. ज्याने आयुष्यभर इस्ट्रोजेनसारखे कृत्रिम रेणू हाताळलेत त्याला यात ओळखीचा चेहरा दिसतो. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉलपासून, म्हणजे १९३८ साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या कृत्रिम इस्ट्रोजेनपासून, पुढे टॅमॉक्सिफेनपर्यंत हे सगळे रेणू स्टेरॉइड नव्हेत, पण त्यांच्यात कड्यांची मांडणी अशीच असते. जॉन कात्झेनेलेनबोगेन रसायनज्ञ आणि बेनिटा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. संसार एक आणि संशोधनही जोडीने. या निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात दोन विद्यांची नजर एकाच वस्तूवर पडलेली जाणवते. रचनेतलं हे साम्य निबंधात एका वाक्यात येतं आणि लेखक लगेच पुढे सरकतात. त्यावर फुशारकी नाही. दुसऱ्या कुणी त्याचीच प्रस्तावना केली असती.

मग क्रमाने प्रश्न येतात. हा रंग रिसेप्टरला चिकटतो का? चिकटतो, पण इस्ट्राडायोलच्या तुलनेत त्याची पकड अवघी ०.००१ टक्के, म्हणजे एक लाखांश. हा आकडा वाचून कुणीही पान उलटलं असतं. लाखात एक इतकी दुबळी पकड, तिची काय दखल घ्यायची? लेखक मात्र त्या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवतात. निम्मे रिसेप्टर भरायला हा रंग साधारण २० मायक्रोमोलर लागतो, आणि नेहमीच्या माध्यमांत तो असतो १५ ते ४५ मायक्रोमोलर. पकड लाखपट कमी, पण प्रमाण इतकं अफाट जास्त की हिशेब बरोबर जुळतो. निबंधातली माझी सर्वांत आवडती जागा हीच. नुसतं दुबळेपण पाहून भागत नाही, तो पदार्थ पेशीसमोर किती दाटीने उभा आहे हेही पाहावं लागतं, हे दोन आकडे एका श्वासात सांगतात. लेखक त्यावर एकही विशेषण खर्च करत नाहीत.

पुढचा प्रश्न, रिसेप्टरला चिकटून हा रंग काही घडवतो का? रंग नसलेल्या माध्यमातल्या पेशींच्या तुलनेत नेहमीच्या तांबड्या माध्यमात प्रोजेस्टेरॉन-रिसेप्टर ३०० टक्के, म्हणजे तिप्पट भरला आणि पेशींची वाढ २०० टक्के, म्हणजे दुप्पट. आणि ज्या स्तनकर्करोगाच्या पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच नाही, त्यांना हा रंग असला काय नि नसला काय, सारखंच. ही शेवटची नोंद छोटी आहे, पण तिच्याविना सगळं ढासळलं असतं. रंग पेशींना सर्वसाधारण पोषण देत असता, तर त्या पेशीही फोफावल्या असत्या.

तिप्पट आणि दुप्पट या दोन आकड्यांत जो फरक आहे, त्यावर मी बराच रेंगाळतो. निबंध त्याचा ऊहापोह करत नाही, हे वाचन माझं. प्रोजेस्टेरॉन-रिसेप्टर बनणं म्हणजे हुकमापासून एका जनुकापर्यंतचा बराचसा सरळ रस्ता; काही तासांतच प्रथिन जमू लागतं. वाढ म्हणजे मात्र पेशीने डीएनएची दुसरी प्रत काढायची, सगळी सामग्री दुप्पट करायची आणि दुभंगायचं, आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर वेगळी परवानगी घ्यायची. त्याला दिवस लागतात. क्षीण हुकूम प्रथिनापर्यंत ठळकपणे पोचतो आणि वाढीपर्यंत जाताना त्याचा जोर ओसरतो. हार्मोन, प्रथिन आणि वाढ यांचं नातं एका रेषेत नसतं, हे त्या दोन आकड्यांतून जितकं स्पष्ट होतं तितकं कित्येक पाठ्यपुस्तकांतून होत नाही.

वाण्याच्या तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाच एक पारडं झुकलेलं असावं, तशी त्या साध्या बशीची अवस्था होती. तिला पासंग होता. प्रत्येक प्रयोगात हार्मोन न घातलेली एक बशी तुलनेसाठी ठेवलेली असायची आणि तिच्यापासून शून्य धरलं जायचं. ते शून्य शून्य नव्हतंच. समजा, रंगामुळे वाढ आधीच दुप्पट झाली आहे आणि इस्ट्राडायोल घातल्यावर ती आणखी दुप्पट झाली. खरा परिणाम चौपट, वहीत नोंद दुपटीची. रंग काढून टाकला तेव्हा इस्ट्राडायोलचा परिणाम कितीतरी ठसठशीत झाला. पेशी मुळीच मंद नव्हत्या. त्या आधीच अर्ध्यामुर्ध्या उठवलेल्या होत्या.

आणि टॅमॉक्सिफेनचं कोडं? रंग असलेल्या माध्यमात टॅमॉक्सिफेनने आणि त्याच्या हायड्रॉक्सी रूपाने वाढ साध्या बशीच्या खाली नेली. रंग काढला आणि ती खाली जाईना. अडवायला काही उरलंच नव्हतं. निबंधाचा हा कळस. ज्या निरीक्षणामुळे टॅमॉक्सिफेनचा गुप्त मार्ग कल्पिला जात होता, तेच निरीक्षण आता टॅमॉक्सिफेन आपलं नेहमीचंच काम करतंय याचा पुरावा ठरलं. जुना निकाल कुणी खोडला नाही, तो खोटाही ठरला नाही. त्याच आकड्यांचा अर्थ फिरला. १९६२ साली इंग्लंडमध्ये डोरा रिचर्डसन यांनी ज्याची पहिली जुळणी केली आणि जे १९७०च्या दशकात रुग्णांपर्यंत पोचलं, त्या औषधाची बाजू एका रंगाने स्वच्छ करून दाखवली.

लेखकांची शेवटची ओळ साधीच आहे. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या पेशींवर काम करताना हा रंग हिशेबात धरा, एवढंच. कुणाच्या जुन्या कामावर बोट नाही. मागच्या दशकभरातल्या कितीतरी प्रयोगांवर प्रश्नचिन्ह लागत होतं, ते वाचणाऱ्यांचं त्यांना समजलंच. थोड्याच काळात रंग नसलेलं माध्यम या क्षेत्राचा नेम बनलं.

आता १९८८. त्याच अर्बानात आर. डी. बिंदल आणि सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारं फिनॉल रेड आणखी शुद्ध करत नेलं, आणि रंग जसा शुद्ध होत गेला तशी त्याची इस्ट्रोजेनगिरी निघून गेली. गुण रंगाचा नव्हता. रंग तयार होताना त्यात राहून गेलेल्या, तेलकट स्वभावाच्या सूक्ष्म अशुद्धीचा होता. तिची रचनाही त्यांनी शोधून काढली. इथेही दोन हायड्रॉक्सिलधारी कडी एका कार्बनवर, पण रंगाच्या रेणूवर जो ऋणभार असतो तो हिच्यावर नाही. रिसेप्टरच्या तेलकट खळग्यात कुणाला बसायला सोपं जाईल हे त्यावरूनच कळतं. आणि ती एक लाखांशाची पकड? मिश्रणात लाखात एखाददुसरा भाग असलेला, पण घट्ट बसणारा पदार्थही बाहेरून नेमका तसाच आकडा दाखवतो. दोन वर्षांपूर्वीचा तो जुळलेला हिशेब जुळतच राहिला, फक्त त्यातला धनी बदलला.

यामुळे १९८६चा निबंध उणा पडला का? माझ्या मते नाही. त्याचं शीर्षक रंगाला इस्ट्रोजेन म्हणतं आणि काटेकोरपणे पाहता ते विधान टिकत नाही. पण निबंध ज्या प्रश्नासाठी लिहिला होता तो बशीत काय चाललंय हा, आणि त्याचं उत्तर जागचं हललं नाही. बाटलीतून येणाऱ्या लालीबरोबर इस्ट्रोजेन येत होतं, ते कोणत्या रेणूच्या अंगाने येत होतं हे दुय्यम. शिवाय रचनेतल्या साम्यावरून रचलेली इतकी देखणी कल्पना स्वतःच्याच हाताने तपासायला घेऊन ती रंगावरून काढून अशुद्धीवर ठेवणं, याला मोठं मन लागतं. हे दोन्ही लेख एकत्र वाचावेत. एकटा पहिला वाचणाऱ्याला अर्धाच आनंद मिळतो.

टॅमॉक्सिफेनची गोष्टही इतकी सुबक राहिली नाही, हे सांगायलाच हवं. १९८७ साली मॉंपेलियेच्या फ्रांस्वाझ विन्यों आणि रोशफोर यांनी इस्ट्रोजेनचा लवलेश नसलेल्या परिस्थितीत या पेशींना वाढीचे इतर घटक दिले आणि त्यांची वाढ विरोधी औषधांनी रोखली जाते असं दाखवलं. म्हणजे नुसती जागा अडवण्यापलीकडे या औषधांकडे आणखी काही आहेच. पासंग काढल्यामुळेच हे दुसरं काम नीट दिसू शकलं, असं मी म्हणेन.

हाच शोध पुढे भांड्यांपर्यंत गेला. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सॉनेनशाइन यांच्या बशीत एमसीएफ-७ पेशी हार्मोनविना वाढू लागल्या, आणि १९९१ साली त्यांनी कारण सांगितलं: प्लास्टिकच्या नळ्यांतून झिरपणारं नोनिलफिनॉल. १९९३ साली स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड फेल्डमन यांच्या गटाला यीस्टमध्ये इस्ट्रोजेनसारखं काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. ते यीस्टमधून येत नव्हतं. माध्यम निर्जंतुक करताना पॉलिकार्बोनेटच्या चंबूतून बिस्फिनॉल-ए सुटत होतं. त्याची खात्री त्यांनी कशी केली? एमसीएफ-७ पेशींत प्रोजेस्टेरॉन-रिसेप्टर वाढतो का ते पाहून. अर्बानाने जी साक्ष बशीतल्या रंगाविरुद्ध घेतली तीच इथे प्लास्टिकविरुद्ध. आज पाण्याच्या बाटल्यांवर बिस्फिनॉल नसल्याची जी खूण छापलेली दिसते, तिच्या पूर्वजांत हा चंबूही आहे.

रंग गेला, कोळशातून काढलेलं सीरम आलं, भांडी बदलली, तरी प्रश्न मिटत नाही, कारण रिसेप्टरला जागं करायला इस्ट्रोजेनच लागतं असं नाही. टोकियोच्या शिगेआकी काटो यांच्या गटाने १९९५ साली दाखवलं, की वाढीच्या घटकांकडून निघालेला संदेश रिसेप्टरच्या ११८ व्या सेरीनवर फॉस्फेट बसवतो आणि त्यानेही रिसेप्टर कामाला लागतो. आणि २०१३ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी, शरीरात इस्ट्रोजेन बनूच न देणारी औषधं दीर्घकाळ घेतलेल्या बायकांच्या पसरलेल्या गाठींमध्ये, रिसेप्टरच्या जनुकातच बदल झालेले दाखवले. त्यांतल्या एका बदलात ५३७ व्या जागचं टायरोसीन जाऊन तिथे सेरीन येतं. एवढ्याने बारावा मळसूत्री तुकडा खळगा रिकामा असतानाच वळून तोंडावर बसतो. रक्तातलं इस्ट्राडायोल मोजता येणार नाही इतकं उतरवलं, तरी त्या पेशी प्रोजेस्टेरॉन-रिसेप्टर बनवत राहतात आणि वाढतही राहतात.